केसभर लांब

६ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद. आधी घाबरू नकोस असं लिहितो आणि मग घाबरण्यासारखं लिहितो. आम्ही पडलो. तुझी ताई आणि मी, दोघंही, मोटरसायकलवरून. हाडं जागेवर आहेत. तिच्या डाव्या मनगटाला प्लॅस्टर होतं, ते परवा निघालं. माझ्या गुडघ्याचं कातडं गेलं, तेवढंच. इतके दिवस कळवलं नाही, कारण तू फोन केला असतास, आणि तुझं "काय? काय? मोठ्यानं बोला!" ऐकून मी ओरडलो असतो, मग सगळ्या गल्लीला कळलं असतं. वर्कशॉपच्या ठोकाठोकीनं तुझे कान नेले, म्हणून पत्राशिवाय इलाज नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची. अक्षर लावून घे.

झालं ते असं. पूल उतरून डावीकडे वळताना गाडीचा मागचा भाग हलायला लागला. कुत्रं शेपूट हलवतं तसा. मी एकीकडे आणि मागचं चाक स्वतःच्या मर्जीनं भलतीकडे. मी हँडल घट्ट धरलं. जेवढं घट्ट धरलं तेवढं ते जास्त वळवळलं, आणि मग आम्ही रस्त्यावर.

मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचे हात थरथरतात. आता गाडी बस झाली." मी म्हटलं, याच हातांनी तुझ्या लग्नाचा कोट शिवला. पण खरं सांगू? हल्ली सुईत दोरा ओवताना माझा नेम चुकतो. तेव्हा तो म्हणतो ते खरंही असेल. तुझी ताई म्हणाली, "तुम्हाला चालवायची तर चालवा, मी मागे बसणार नाही." आणि किल्ली लपवून ठेवली. कुठे ठेवली ते मला माहीत आहे, मला माहीत आहे हे तिला माहीत आहे, पण मी काढत नाही.

आमच्या गल्लीत खुर्चीवाले म्हातारे आहेत. सकाळी खुर्ची उन्हात सरकवतात, दुपारी सावलीत. गाडी गेली की मीही त्यांच्यातला एक. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. विकून टाकू का? तू म्हणशील ते.

तुझे भावोजी


११ जानेवारी

भावोजी,

नमस्कार. पडलात ते पडलात, वर लपवून ठेवलंत. तुमच्यावर रागवायचं काम ताईवर सोपवलं आहे.

हात थरथरले तर गाडीचं पुढचं चाक हलेल. तुमचं मागचं हललं. हात काय मागच्या चाकाला लावून बसला होतात?

सांगते तसं करा. गाडी मोठ्या स्टँडवर घ्या. मागे उकिडवे बसा, नाही जमलं तर पाटावर बसा. मागचं चाक दोन्ही हातांनी धरा आणि डावीकडे-उजवीकडे ढकला. "टक" असं वाजलं आणि हाताला ढिलं लागलं, तर मला लगेच कळवा. चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा लोखंडी चिमटा असतो ना, जो इंजिनामागे एका लांब बोल्टवर खाली-वर झुलतो, त्याचे बुश गेले असतील. बुश म्हणजे त्याच्या सांध्यातल्या वाट्या समजा. माणसाचं खुब्याचं हाड जसं झिजतं तसंच. मग खालून बॅटरी मारा, जोडापाशी गंज खरवडा आणि तडा दिसतो का बघा.

विकायचं-बिकायचं नंतर. आधी रोग कुणाला आहे ते ठरू दे, तुम्हाला की गाडीला.

ताईला म्हणावं, मनगट कोमट पाण्यात शेक. आणि किल्ली बटणांच्या डब्यात आहे हे मला इथं बसून कळतं. लहानपणी माझं सगळं ती तिथेच लपवायची.

धाकटी


१७ जानेवारी

धाकटे,

टक.

तडासुद्धा आहे. गंजाखाली केसासारखी रेघ होती, नखानं खरवडली तर लांबत गेली. मी गाडीखाली आडवा पडलो होतो आणि हसत होतो. तुझी ताई धावत आली, तिला वाटलं मला काही झालं. म्हटलं, "अगं, मोडलंय! गाडीचंच मोडलंय!" ती म्हणाली, "घरातली वस्तू मोडली म्हणून इतका आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदा बघते."

पण लगेच दुसरी काळजी लागली. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दाखवलं. तो म्हणतो, "आजोबा, ही गाडी बंद होऊन जमाना झाला. हा चिमटा आता फक्त स्वप्नात मिळेल." वर म्हणाला, वेल्डिंग मारून देतो. मारून घेऊ का? आणि सुटलं तर? मुलानं भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय. तो माणूस दोनदा दारावरून जाऊन गाडीकडे बघून गेला. कसायानं बोकडाकडे बघावं तसा बघतो.

तुझे भावोजी


२ फेब्रुवारी

भावोजी,

वेल्डिंग अजिबात मारून घ्यायचं नाही. त्या जागी सगळं वजन येतं, तुमचं आणि ताईचं.

चिमटा मिळाला. आमच्या जुन्या मालाच्या ढिगात तुमच्याच गाडीच्या बहिणीचा होता. वर्कशॉप आता सून चालवते, मी खुर्चीत बसून शिव्या घालते, तर आम्ही दोघींनी मिळून तो शोधला. सरळ आहे, तडा नाही, दोरी लावून बघितलंय. सुनेनं रंग मारलाय, नवे बुश ठोकलेत. बुशांच्या आत बसणारी, जिच्यातून लांब बोल्ट जातो ती लोखंडी नळी नवी आहे, कागदात वेगळी बांधली आहे. मालाच्या गाडीनं पाठवते.

कोपऱ्यावरच्या त्या शहाण्याकडे देऊ नका. ज्याला स्वप्नात मिळतो त्याला जागेपणी बसवता यायचा नाही. तुम्ही बसवा. हो, तुम्हीच. अख्खं आयुष्य कापडाचे सुटे तुकडे जोडून उभा माणूस त्यात बसेल असं शिवलंत, हे त्याहून अवघड नाही.

मागचं चाक काढा. चेन काढा. ब्रेकची सळई सोडवा. शॉकअपचे खालचे बोल्ट काढा. मग चिमट्याचा लांब बोल्ट. तो गंजलेला असेल, त्याला तेल पाजा आणि थांबा. घाई केलीत तर तो मोडेल आणि मग माझ्या नावानं बोंब माराल. नव्याला भरपूर ग्रीस. बसवायचं ते काढलं त्याच्या उलट क्रमानं.

धाकटी


२ मार्च

धाकटे,

बसला! बसला! आधी बातमी देतो, मग रामायण.

अंगणात जुनी चादर पसरली आणि निघेल तो भाग कापलेल्या कोटाच्या तुकड्यांसारखा ओळीनं मांडला. खडूनं खुणा केल्या. डावा शॉकअप, उजवा शॉकअप, कुठला वायसर कुठला. तरी रोज उठल्यावर आधी मोजून बघायचो, मांजरानं काही नेलं तर काय घ्या.

लांब बोल्ट म्हणजे साक्षात हट्टी माणूस. तेल पाजलं, थांबलो, पुन्हा पाजलं. त्याच्या तोंडावर लाकडाचा ठोकळा धरून ठोकला, म्हणजे आटे खराब व्हायला नकोत. तुझी ताई आतून ओरडली, "गाडी दुरुस्त करताय की घर पाडताय?" चौथ्या दिवशी तो सुतभर सरकला. मी हातोडी टाकून आत गेलो आणि पाणी प्यालो. मला एकदम इतकं यश सोसत नाही. मग परत येऊन ठोकला तर आख्खा बाहेर.

तू पाठवलेला चिमटा सुरेख आहे, पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती नवी नळी बनवणाऱ्यानं हलगर्जीपणा केलाय. चिमट्यात घातली तर दोन्ही बाजूंना जराशी पुढे येत होती. अगदी नखाच्या कडेएवढी, पण बोटाला लागत होती. मला असलं खपत नाही. कानस घेतली आणि दोन संध्याकाळी बसून घासून अशी बरोबर केली की आता बोट फिरवलं तर कुठे सुरू होते आणि कुठे संपते कळत नाही. सुनेला सांग, पुढच्या वेळी त्या माणसाकडून माल घेऊ नकोस.

मग बोल्ट घातला आणि पान्याला पाइप लावून सगळं वजन टाकून कसला. पुन्हा ढिलं व्हायची भीतीच नको. आता चिमटा असा घट्ट बसलाय की शॉकअप लावायच्या आधी वर उचलला तर तिथेच राहिला, सलाम ठोकल्यासारखा! जुना कसा लडबडत होता. हा हूं की चूं करत नाही.

चाक, चेन, ब्रेक सगळं लावून झालं. किल्ली तुझ्या ताईनं आपणहून दिली, पण म्हणाली, "आधी एकटे जाऊन या." उद्या जातो. छाती धडधडते आहे, पण या वेळी बरी धडधडते आहे.

तुझे भावोजी


५ मार्च

धाकटे,

कष्ट घेतलेस, वाया गेले. गाडीचा दोष नव्हता, माझाच होता.

परवा गेलो होतो. सपाट रस्त्यावर ठीक. पहिल्या खड्ड्यात गाडीनं मागून अशी लाथ मारली की मी सीटवरून उडालो. दुसऱ्या खड्ड्यात तशीच. वळणावर मला वाटलं, आता जातो. मागे काही हलत नव्हतं, उलट मागचा भाग दगडासारखा झाला होता. नवा चिमटा, नवे बुश, सगळं नवं, आणि तरी चालवता येत नाही. मग जुनं काय उरलं? मी. पुलापर्यंत गेलोच नाही. ढकलत घरी आणली.

मुलाला सांगितलं, बोलाव. भंगारवाला रविवारी येणार आहे. तो चिमटा तेवढा काढून तुला परत पाठवतो, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल.

तुझे भावोजी

धाकटे, मी ताई. हे पोस्टाचं तिकीट आणायला गेलेत तेवढ्यात लिहिते. दोन दिवस नीट जेवले नाहीत. यांना वाटतं मी पडायच्या भीतीनं मागे बसत नाही. मनगट मोडलं ते जुळलं, त्याचं काय एवढं. पडायच्या कितीतरी आधीपासून मागे बसलं की यांचे खांदे मला कळायचे. लाकूड झालेले. खड्डा यायच्या आधीच दचकायचे. यांना भीती वाटते आहे आणि मी मागे बसून ती बघते आहे, ते मला सोसेना. गाडी विकली तर हा माणूस खुर्चीत बसून वाळून जाईल. तू काहीतरी कर. ताई


६ मार्च

भावोजी,

तुमचं दोन तारखेचं पत्र आत्ता हातात पडलं. गाडीवर बसू नका. बसला असाल तर उतरा.

अहो, काय केलंत! त्या बनवणाऱ्याला शिव्या घातल्यात, बिचाऱ्यानं बरोबर बनवली होती. ती नळी केसभर पुढे असतेच. असायलाच हवी. बोल्ट कसला की फ्रेमचे दोन कान दोन्हीकडून त्या नळीला दाबतात. नळी गच्च, आणि तिच्याभोवती चिमटा मोकळा झुलतो. तुम्ही ती घासून सपाट केलीत, तेव्हा फ्रेमचे कान नळी सोडून थेट चिमट्याला चावले. म्हणून तो सलाम ठोकून उभा राहिला! सलाम नव्हता तो, आखडला होता. आखडलेला चिमटा खड्ड्यात लाथ मारणारच.

तुम्ही शिंपी. कापडाच्या कडेला शिलाईसाठी सोडलेली माया "पुढे आलेली दिसते" म्हणून कात्रीनं उडवता का? मग?

चूक माझीही आहे. हे लिहायचं राहिलं. इतकी वर्षं गाड्यांत गेली, पण कुणी बसून दोन संध्याकाळी ती नळी प्रेमानं घासेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. सून हसून हसून जमिनीवर बसली आहे. मी तिला म्हटलं, हसू नकोस, इतकं सपाट घासणारा हात थरथरत नसतो. ऐकताय ना? थरथरणाऱ्या हाताला हे जमत नाही.

आता लेथवाल्याकडे जा. नवी नळी करून घ्या, चिमट्याची रुंदी बुशासकट मोजून त्यापेक्षा केसभर लांब. मग शॉकअप लावायच्या आधी चिमटा हातानं वर उचला आणि सोडा. आपल्या वजनानं सावकाश खाली आला पाहिजे. धाडकन नाही, आणि तिथेच थांबलेलाही नाही. डावीकडे-उजवीकडे मात्र हलता कामा नये. हे झालं की समजा जिंकलात.

धाकटी


१४ मार्च

धाकटे,

तुझं पत्र आलं तेव्हा भंगारवाला अंगणात उभा होता. आपली माणसंही आणली होती. एकानं हँडलला हात घातला होता. मी पत्र उभ्या उभ्या वाचलं. "थरथरणाऱ्या हाताला हे जमत नाही" हे वाचलं आणि परत वाचलं. मग त्या माणसाला म्हटलं, "हात काढ."

तो म्हणाला, "काका, बोलणं झालंय."

म्हटलं, "तुझं मुलाशी झालंय. गाडीचं माझ्याशी झालंय."

मुलगा मधे पडायला आला तर तुझी ताई दारातून म्हणाली, "तू आत ये, तुझा चहा थंड होतोय." त्याच्या हातात चहाही नव्हता. पण गेला बापडा आत.

लेथवाल्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "केसभर म्हणजे नक्की किती?" मी त्याच्या डोक्याकडे बघितलं, तिथे तुळतुळीत. म्हटलं, "तुला उदाहरण कुठून देऊ?" दुकानातले सगळे हसले, तोही हसला, आणि त्यानं माझ्यासमोर मोजून मोजून अशी नळी काढली की घरी येईपर्यंत मी ती खिशात हातानं धरून ठेवली. पुढे आलेली कड बोटाला लागत होती. कानशीची आठवण येत होती. पण नाही.

सगळं पुन्हा उलगडलं, पुन्हा जोडलं. या वेळी पान्याला पाइप लावला नाही. मग तुझ्या ताईला बोलावलं. म्हटलं, "तू उचल." तिनं दुखऱ्या मनगटाच्याच हातानं चिमटा वर उचलला आणि सोडला. दुपारी पेंगणाऱ्या माणसाची मान यावी तसा तो खाली आला. हळू. अगदी खालपर्यंत.

ती म्हणाली, "एवढंच?"

मी म्हटलं, "एवढंच."

तिनं परत उचलला, परत सोडला. मग परत. लहान मुलासारखी.

आज पुलावर गेलो होतो. उतरलो, डावीकडे वळलो. मागचं चाक माझ्यामागून आलं, जिथे मी तिथे ते. खड्डा आला, गाडी गुडघे वाकवून उतरली आणि वर आली. पलीकडे थांबून मी एकटाच मोठ्यानं "शाब्बास" म्हणालो. कुणाला ते मलाही माहीत नाही. मग वळून पुन्हा त्याच पुलावरून आलो.

घरी येऊन तिला विचारलं, "बसतेस?" ती म्हणाली, "अजून नाही." धाकटे, आता काय उरलं? चिमटा तर तिनं स्वतः बघितला. मला काही कळत नाही.

तुझे भावोजी


२० मार्च

भावोजी,

पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. सुनेनं शिट्टी मारली, कामावरच्यांनी पाने आपटले. आमच्याकडे याहून मोठा सत्कार नसतो.

ताईला विचारू नका. विनवण्या नकोत, रुसवा नको. माझं एक ऐका. रोज गाडी काढा. काम असो-नसो. पुलावरून जा, बाजारातून जा, खड्ड्यांतून जा. आमचे हे नव्या पोराला गाडी शिकवायचे तेव्हा म्हणायचे, भीती जाईपर्यंत नाही, कंटाळा येईपर्यंत चालव. भीती गेली असं माणसाला उगाच वाटतं. कंटाळा आला की खरंच गेलेली असते.

कंटाळा आला की कळवा. तोवर पत्र नको.

धाकटी


११ एप्रिल

धाकटे,

कळवतो. कंटाळा आला.

आज सकाळी चौकात लाल दिव्याला उभा होतो. कसला विचार करत होतो ते आठवत नाही, बहुतेक काहीच नाही. आणि मला जांभई आली. चांगली मोठी, डोळ्यांत पाणी येईल अशी. शेजारचा टेम्पोवाला म्हणाला, "काका, झोप झाली नाही वाटतं?" दिवा हिरवा झाला, सगळे भोंगे वाजवायला लागले तरी मी तिथेच! मी, जो पुलापर्यंतही न जाता गाडी ढकलत परत आलो, त्याला गाडीवर जांभई!

घरी आलो. तुझी ताई मशिनवर उशीचा अभ्रा शिवत होती. तिला सांगितलं तर तिनं मशिन थांबवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली. मला वाटलं चहा टाकायला गेली. बाहेर आली ती हेल्मेट घालून, पिशवी घेऊन.

"कुठे?"

"बाजारात. का, नेत नाही?"

बसली. धाकटे, बसली! मी हळू निघालो. गल्लीच्या तोंडाशी तिनं हात माझ्या खांद्यावर ठेवला. उगाच नाही, दाबून बघितला, कापडाचा पोत बघावा तसा. पहिला खड्डा आला, गेला. हात तिथेच. दुसरा आला, गेला. मग कानाशी म्हणाली, "पडायच्या आधी कितीतरी महिने मागे लाकूड धरून बसत होते मी. आज माणूस आहे."

बाजार आला. मी म्हटलं, "बाजार आला." ती म्हणाली, "जाऊ दे, तो कुठे पळतोय?" पूल आला. उतरून डावीकडे वळलो, त्याच वळणावर, आणि ती मागे काहीतरी गुणगुणत होती. मग तो रस्ता जिथे जातो तिथे गेलो. शेतं लागली, शेतं संपली. मी आयुष्यात घरातून निघताना कधी पेट्रोल बघायचं विसरलो नाही, तुला माहीत आहे. टाकीचं झाकण उघडून, हलवून, कानानं ऐकून निघणारा माणूस मी. आज विसरलो. माळावर गाडी एक खोकला खोकली आणि थांबली.

मी म्हटलं, "पेट्रोल संपलं."

तिनं हेल्मेट काढलं, इकडेतिकडे बघितलं. घर नाही, दुकान नाही. आणि ती हसायला लागली. मग मीही. रस्त्याच्या कडेला दोन म्हातारी माणसं पोट धरून हसताहेत, येणारे-जाणारे बघताहेत. शेवटी तिनं हँडल धरलं आणि मी मागून ढकलायला लागलो. ऊन चांगलंच होतं. गाडी हलकी लागत होती.

ती पुढून म्हणाली, "दमलात तर सांगा."

मी म्हटलं, "तू फक्त सरळ धर."

तुझे भावोजी